चुलीपाशी फ्लॅश नको

प्रश्न : पेठ तालुक्यात मावशीचं कुडाचं घर आहे. फ्लॅश मारला की सगळं दिसतं, पण घर परकं वाटतं. न मारावा तर नुसता काळोख. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फ्लॅश पिशवीतच राहू द्या. तो समोरून पडतो, सावल्या पुसतो आणि सारवणावरचे बोटांचे फराटे सपाट करून टाकतो. दारातून तिरपं ऊन आलं की तेच फराटे एकेक मोजता येतात. त्र्यंबकजवळच्या एका घरात आजी भाकरी थापत होत्या. मी कॅमेरा उलट्या घमेल्यावर टेकवला. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, भिंगाचं तोंड एफ/४, शटर १/१५ सेकंद. फोटोत आजींचे हात जरासे हलले, भिंत लख्ख आली. मला तो फोटो फार आवडतो.

एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, उजेड पडलेल्या भिंतीवरून ठरवा. बाहेरचं अंगण पांढरं पडलं तर पडू दे. धूर हवा असेल तर उजेड धुराच्या पलीकडून यायला हवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, ठेवा, पण नंतर सगळा अंधार उपसू नका. कोपऱ्यातली कणगी अर्धी दिसली तरी पुरे. आणि मावशींना सांगा, फोटोसाठी काही आवरायचं नाही.