खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेंटेनन्स अप्रेंटिस म्हणून रुजू होण्याआधी

पुढच्या महिन्यात रुजू होतोयस, अभिनंदन. वयाने लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. तुझ्या प्रश्नात मला चार गोष्टी दिसल्या. मेकॅनिकलचा हात बरा आहे, पण इलेक्ट्रिकलची धास्ती वाटते. हत्यारं आधीच विकत घ्यावीत का? पाळ्या कशा असतात? आणि मित्र चिडवतात की खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काय डोंबल शिकणार, खरं इंजिनिअरिंग गाड्यांच्या नाहीतर स्टीलच्या कारखान्यात.

मित्रांचं आधी निकालात काढू. मध्यम आकाराच्या खाद्य कारखान्यातही एकाच आवारात बॉयलर आणि वाफेच्या लाइनी, अमोनियावर चालणारं शीतकरण, कॉम्प्रेसर, पंप, हीट एक्स्चेंजर, कन्व्हेयर, भरणीची आणि सीलिंगची यंत्रं, नेमक्या जागी थांबणाऱ्या सर्वो मोटरी, यंत्राचा क्रम चालवणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी, आणि शेवटी खोकी रचणारा रोबो असतो. पाळीत माणसं मोजकी, त्यामुळे सकाळी पंपाचं सील बदलणारा फिटर दुपारी सेन्सर शोधत फिरतो. शिकायला याहून बरी जागा मला तरी माहीत नाही. तेव्हा त्यांना चिडवू दे.

आता मुद्द्याचं. इतर ठिकाणी यंत्र चालू झालं की काम झालं. इथे तसं नाही. इथे यंत्र चालू झाल्यावर तू आत काय ठेवून आलास, हा प्रश्न उरतो. एक वॉशर, तारेचा तुकडा, ड्रिलचा कीस, जुन्या गॅस्केटची चिंधी, ग्रीसचा गोळा. यातलं काहीही कुणाच्या तरी तोंडात जाऊ शकतं. म्हणून आत नेलेलं प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक सुटा भाग मोजून न्यायचा, मोजून आणायचा. पातं तुटलं तर तुकडे टेबलावर जुळवून पूर्ण पातं होतंय का ते बघायचं. नाही झालं तर लाइन थांबलेलीच राहते आणि मधला माल बाजूला ठेवला जातो, मग प्रॉडक्शन मॅनेजर कितीही येरझारा घालो. दुरुस्तीनंतर स्वच्छता होते, क्वालिटीवाले बघून सही करतात, तेव्हा कुठे यंत्र त्यांच्या ताब्यात जातं. त्या कागदाला कंटाळू नकोस. उद्या काही निघालं तर तू काम नीट केलं होतंस हे तोच सांगणार आहे.

केसांवर जाळी, दाढीवर जाळी, घड्याळ-अंगठी बाहेर, हात धुणं हे सगळं पहिल्याच दिवशी सांगतील. जखमेवरची निळी पट्टी, निळं पेन, निळे केबल टाय का, तर निळा रंग खाण्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे पडलं तर डोळ्यांना दिसतं. आणि त्यात धातूचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे मेटल डिटेक्टरलाही सापडतं.

मेटल डिटेक्टरचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण अप्रेंटिसवर पहिला दबाव बहुधा तिथेच येतो. ठरलेल्या वेळी त्यातून लोह, बिगरलोह आणि स्टेनलेस असे तीन नमुना तुकडे पाठवतात. तिन्ही पकडले गेले पाहिजेत आणि लाइनीतून बाहेरही फेकले गेले पाहिजेत. एखादा सुटला तर मागच्या यशस्वी चाचणीनंतरचा सगळा माल अडकवून पुन्हा तपासावा लागतो. ओलसर, खारट माल स्वतःच वीज वाहतो आणि डिटेक्टरला फसवतो. मालाचं तापमान बदललं की सिग्नलही बदलतो. मग चांगली पाकिटं धडाधड बाहेर पडायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, 'जरा सेन्सिटिव्हिटी कमी कर ना.' करायची नाही. ज्याला तो अधिकार आहे त्याला बोलवायचं. तोवर कारण शोधायचं: जवळ नवीन इन्व्हर्टर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवला का, डिटेक्टरच्या तोंडाशी एखादा बोल्ट ढिला होऊन हलतोय का, पट्ट्यात काही रुतलंय का. गार्डच्या इंटरलॉकलाही, म्हणजे संरक्षक झाकण उघडताच यंत्र थांबवणाऱ्या स्विचलाही, हाच नियम. स्विच दगा देत असेल तर बदल, त्याला चिकटपट्टी लावून गप्प करू नकोस.

दुसरा मोठा विषय पाणी. खाद्य कारखान्यात यंत्रं मालापेक्षा धुण्यानेच जास्त मरतात. चालून गरम झालेल्या बेअरिंगवर थंड पाण्याचा फवारा बसला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. वरून बेअरिंग ठणठणीत दिसतं, काही आठवड्यांनी कण्हायला लागतं. मग कुणीतरी ग्रीसगन घेऊन भसाभस ग्रीस भरतो, सील फुटतं आणि पुढच्या धुण्यात पाण्याला दार उघडंच. ग्रीस किती आणि किती दिवसांनी, हे ठरलेलं असतं, तेवढंच घालायचं. मालाजवळ एच-१ वर्गाचं वंगण वापरतात. चुकून किंचित स्पर्श झालाच तर चालेल एवढाच त्याचा अर्थ, ते खाण्याजोगं आहे असा नाही. मालाशी संबंध येण्याची शक्यताच नसेल तिथे एच-२. दोघांच्या ग्रीसगन वेगळ्या ठेवायच्या. आणि एच-१ची दोन ग्रीसदेखील एकमेकांत मिसळायची नाहीत, कारण दोघांचे घट्ट करणारे घटक जुळले नाहीत तर ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

पॅनेल आणि सेन्सरवर आयपी ६९के लिहिलेलं दिसेल, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा. त्याची चाचणी ८० अंश तापमानाच्या पाण्याचा ८० ते १०० बार दाबाचा फवारा अगदी जवळून मारून घेतात. पण केबल ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथला जोड, नीट कसली नाही, किंवा एक भोक बुजवायचं राहिलं, की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. झाकण बंद करण्याआधी गॅस्केटवरून बोट फिरवायची सवय लाव.

स्टेनलेसबद्दल एकच सांगतो. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मीठ आणि क्लोरीनपुढे तो जास्त टिकतो. बदली भाग घेताना हे बघ. आणि साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडिंग चाक स्टेनलेसला लावलंस तर लोखंडाचे कण तिथे बसतात आणि महिन्याभरात 'स्टेनलेसला' गंज चढलेला दिसतो.

गंज, भेग, पोकळ रोलर, झिजलेलं सील हे सगळं इथे नुसतं दिसायला वाईट नसतं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि अशाच सांदीकोपऱ्यांत घर करतो. २००८ मध्ये कॅनडात मेपल लीफ फूड्सच्या टोरांटोच्या कारखान्यातल्या मांसामुळे वीसहून अधिक माणसं दगावली. कंपनीच्या तपासात संशय गेला तो काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर साचलेल्या घाणीवर, नेहमीची धुलाई जिथे पोचतच नव्हती तिथे. यंत्र पूर्ण उघडणारा माणूस मेंटेनन्सचा असतो. त्यामुळे आत काय साचलंय हे पहिल्यांदा तुलाच दिसणार. पुसून टाकून बंद करू नकोस, स्वच्छतेच्या टीमला बोलावून दाखव.

पीठ, साखर, स्टार्च, दूध पावडर असा कोरडा माल असेल तर पाण्याऐवजी धुळीची भीती. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इंपीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ जण गेले. सायलोखालच्या कन्व्हेयरला आदल्या वर्षी पत्र्याचं आवरण घातलं होतं, त्यामुळे धूळ आत कोंडली. सरकारी तपासानुसार ठिणगी बहुधा तापलेल्या बेअरिंगची. पहिला स्फोट लहानच होता, पण त्याने इमारतीभर साचलेली धूळ उडवली आणि त्या धुळीने पुढचे स्फोट घडवले. अशा ठिकाणी बेअरिंग तापतंय ही नोंद 'बघू पुढच्या शटडाउनला' म्हणून ढकलायची नसते, आणि परवान्याशिवाय वेल्डिंग-ग्राइंडिंग तर मुळीच नाही.

आता तुझी इलेक्ट्रिकलची धास्ती. थोडी असू दे, ती कामाची आहे. आधी सुरक्षितपणा. लाल बटण दाबलं म्हणजे वीज तोडली असं नाही. मेन आयसोलेटर (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्यावर तुझं स्वतःचं कुलूप, किल्ली तुझ्याच खिशात. मग टेस्टर चालू लाइनीवर तपास, मग तुझं सर्किट तपास, मग टेस्टर पुन्हा चालू लाइनीवर. शेवटची पायरी लोक गाळतात. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर वीज तोडल्यावरही भरलेले असतात, किती मिनिटं थांबायचं ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वीज गेली तरी हवेचा दाब, ताणलेली स्प्रिंग आणि वर अडकलेलं वजन तिथेच असतं. अडकलेलं पाकीट काढलं आणि सिलिंडर सटकन पुढे आला, अशाने बोटं जातात. हवा सोडून दाब शून्य झाल्याचं गेजवर बघ. आणि पाइपलाइनीचा जोड उघडण्याआधी विचार, आत सीआयपी, म्हणजे यंत्र न उघडता पाइपांतून रसायन फिरवून होणारी धुलाई, चालू आहे का. धुण्याच्या फेरीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ७०-८० अंशांवर फिरत असतं, आणि ती फेरी लांबच्या खोलीतून कुणीतरी सुरू करू शकतो. टाकीत किंवा सायलोत नुसतं डोकं घालायचं असलं तरी परवाना आणि बाहेर माणूस हवा.

हे अंगवळणी पडलं की उरलेलं इलेक्ट्रिकल वाटतं तितकं अवघड नाही. सुरुवातीला येणारे बरेचसे बिघाड प्रोग्रॅममध्ये नसतात, बाहेर यंत्रावरच असतात: सेन्सर सरकलाय, काचेवर माल चिकटलाय, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, केबल सतत वाकून आतून तुटली आहे. यंत्र कुठल्या पायरीवर थांबलंय ते आधी बघ. पुढच्या पायरीला काय हवं आहे ते ऑपरेटरला किंवा ड्रॉइंगला विचार. मग पीएलसीच्या इनपुट कार्डावर त्या सेन्सरचा दिवा लागतोय का ते बघ. नेहमीच्या तीन तारांच्या सेन्सरमध्ये तपकिरी म्हणजे अधिक २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. सेन्सरवरचा दिवा लागतो आणि कार्डावरचा लागत नाही, तर बिघाड मधल्या तारेत किंवा कार्डात. दोन्ही लागतात, तर पुढे जा. तापमान-दाबाच्या ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअरचा असतो. शून्य वाचलं तर बहुधा तार तुटली आहे, तापमान उतरलेलं नाही. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला साधारण १३८.५ ओहम दाखवतो, म्हणजे साध्या मीटरनेही तो जिवंत आहे का ते कळतं. लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम बघणं नंतरचं.

पहिले काही महिने एक काम स्वतःहून कर, कुणी सांगणार नाही: चांगली चाललेली यंत्रं बघ. मोटर किती अँपिअर घेते, गिअरबॉक्स हाताला किती गरम लागतो, सीलिंग जबड्याचं तापमान किती, पट्टा कुठल्या बाजूला ओढतो, आवाज कसा येतो, सगळं वहीत लिही. निरोगी यंत्र माहीत नसेल तर आजारी ओळखणार कसं? बेअरिंगचे नंबरही याच वहीत. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, शेवटचे दोन अंक गुणिले पाच. ०४पासून पुढे हा हिशोब चालतो. शेवटची अक्षरं मात्र गाळू नकोस. दोन रबरी सील असलेलं आणि उघडं बेअरिंग यात स्टोअरवाल्याचा फरक दोन-तीन अक्षरांचा असतो, तुझा सबंध पाळीचा.

ऑपरेटरशी जमवून घे. 'दुपारनंतर अडकायला लागतं' एवढं वाक्य त्याच्याकडून मिळालं तर निम्मी शोधाशोध वाचते. तो 'काहीतरी वेगळं वाटतंय' म्हणाला आणि तू हसलास, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

पाळ्यांचं खरं सांगतो: रात्रपाळ्या येणारच. मोठी कामं लाइन बंद असताना होतात, म्हणजे रात्री, सुट्टीच्या दिवशी, शटडाउनला. सणासुदीला घरचे नाराज होतील. पण गिअरबॉक्स पूर्ण खोललेला बघायचा असेल तर तेव्हाच बघायला मिळतो, म्हणून सुरुवातीला शटडाउनची पाळी मागून घे.

हत्यारं आत्ता घेऊ नकोस. बऱ्याच कारखान्यांत स्वतःची हत्यारं आत नेताच येत नाहीत. लाकडी मुठीची, रंगाचे पोपडे उडणारी आणि तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर तर सर्रास बंद असतात. ॲलर्जीकारक घटकांच्या लाइनीसाठी वेगळ्या रंगाचा संच असतो, तोही कारखाना देतो. रुजू झाल्यावर सोबतचा फिटर काय वापरतो ते बघ, मग ठरव. मल्टीमीटर घ्यायचाच असेल तर कॅट-३ (मीटरच्या विद्युत सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्टच्या खालचा नको आणि प्रोबही त्याच दर्जाचे हवेत.

एक राहिलं, लॉगबुक, म्हणजे तू केलेल्या कामांची नोंदवही. ते त्याच दिवशी लिही. 'बेअरिंग बदललं' एवढं पुरत नाही. कसं कळलं, काय मोजलं, कुलूप कुठे लावलं, जुनं कशामुळे गेलं, शेवटी कुणी तपासून सही केली, हे चार ओळींत आलं पाहिजे. ती वही तपासणारा परीक्षक नेमकं 'कशामुळे गेलं' यावरच बोट ठेवतो.