पुढच्याने सीट मागे टाकली, आता काय करू?

सव्वीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ नव्या मुलामुलींना शिकवण्यात. निवृत्त झाले तरी सीटची भांडणं काही पाठ सोडत नाहीत. सुट्ट्या लागल्या की पत्रं येतात आणि प्रश्न तेच ते. म्हणून यावेळी हाच विषय.

पुणे–दिल्ली प्रवासात पुढच्या गृहस्थांनी सीट पूर्ण मागे टाकली. त्यांना तो हक्क आहे का? (पुणे)

आहे. टेकऑफ, लँडिंग आणि जेवणाची वेळ सोडून.

मग मी मागून गुडघ्याने रेटलं तर? (हेच वाचक)

रेटू नका. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 मध्ये आणलेल्या नियमांत शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत आणि ढकलाढकली, लाथा यांना सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी आहे. दोन तासांच्या अडचणीपायी सहा महिने रेल्वेची तिकिटं काढायची असतील तर तुमची मर्जी. नाहीतर क्रूला बोलवा.

पुढची सीट मागे येऊच न देणारी क्लिप ऑनलाइन मिळते. मुलाने मागवली आहे. (सोलापूर)

परत पाठवा. जाहिरातीत गुडघे दाखवतात, पुढचं दाखवत नाहीत. ऑगस्ट 2014 मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेडच्या विमानात अशाच क्लिपवरून जुंपली. पुढच्या बाईंनी मागच्याच्या अंगावर पाणी फेकलं, विमान शिकागोला वळवावं लागलं आणि दोघांनाही तिथेच उतरवलं. बरं, दोघं बसले होते पायांना जादा जागा असलेल्या महागड्या रांगांत! क्लिपपेक्षा "जरा लॅपटॉप उघडलाय, थोडी पुढे घ्याल का?" हे वाक्य स्वस्त पडतं. ऐकलं नाही, तर क्रू आहे.

जादा पैसे भरून इमर्जन्सी एक्झिटची सीट घेतली, ती मागेच जाईना. बिघडलेली होती का? (कोल्हापूर)

बिघडलेली नव्हती, मुद्दाम पक्की केलेली होती. बाहेर पडायच्या वाटेत सीटची पाठ आलेली चालत नाही. एक्झिटच्या दोन रांगा लागोपाठ असतील तर त्यातली पुढची रांग सहसा मागे जात नाही. शेवटच्या रांगेचंही बहुधा तेच. "एक्स्ट्रा लेगरूम" ठळक अक्षरात आणि ही गोष्ट भिंगातून वाचावी लागेल अशी, याचा मला मनस्वी राग आहे. काही विमानांत तर बटणच नसतं, आणि त्याला नाव काय, तर "प्री-रिक्लाइन्ड". म्हणजे कारखान्यातच जराशी कलवून कायमची ठोकलेली. पैसे भरण्याआधी सीट नंबर सांगून कंपनीला विचारा.

आईच्या (वय 71) गुडघ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी झालं. मुंबई–नेवार्क थेट विमान आहे. पुढच्याने सीट टाकली तर? (ठाणे)

आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडची, सीट घ्या आणि पायांपाशी पिशव्या ठेवू नका. पण काळजी सीटपेक्षा रक्ताच्या गुठळीची करा. चार तासांवरच्या प्रवासात तो धोका वाढतो, ऑपरेशननंतर आणखी. प्रवास करावा का, पायमोजे कोणते, गोळी हवी का, हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा. शेजारणीने सुचवलेली ॲस्पिरिन नको. आणि विचारायचं ते तिकीट काढण्याआधी, विमानतळावरून फोन करून नव्हे.

मोबाइल सीटच्या फटीत पडला. सीट पुढे-मागे करून मी तो काढला, तर एअर होस्टेस ओरडलीच. एवढं काय झालं? (नाशिक)

ओरडली ते बरंच केलं. मीही ओरडले असते.

वर्गात मी जुन्या सीटच्या फटीत साबणाची वडी टाकायचे आणि कुणालातरी बटण दाबायला लावायचे. कट्ट असा बारीक आवाज यायचा. वडी काढली की मधोमध चेपलेली, कडेला लोखंडी पट्टीचा ठसा. वडीच्या जागी तुमचा मोबाइल धरा. बॅटरी अशी चेपली की आतला पातळ पडदा फाटतो, शॉर्ट होतो, बॅटरी आतून तापत जाते आणि पेट घेते. ज्वाळा विझवली तरी ती पुन्हा भडकू शकते, म्हणून क्रूला तिच्यावर पाणी ओतून ती थंड करावी लागते. हे सगळं तुमच्या बुडाखाली, जमिनीपासून दहा किलोमीटर वर.

माझी कल्पनाशक्ती नाही ही. 2016 मध्ये सिडनीहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या क्वांटासच्या विमानात सीटमध्ये चिरडलेल्या मोबाइलमधून धूर निघाला होता. एप्रिल 2025 मध्ये लुफ्तान्साने म्युनिककडे निघालेलं एअरबस ए-380 बॉस्टनला उतरवलं, कारण एक टॅबलेट बिझनेस क्लासच्या सीटमध्ये अडकला होता. पेटलेला नव्हता, नुसता अडकलेला!

तेव्हा बटणावरचं बोट काढा. डोक्यावरची कॉल बेल दाबा. सीट जशी आहे तशी राहू द्या, शेजाऱ्यालाही सांगा. "उगाच कशाला त्रास द्यायचा" म्हणत अर्धा तास हात घालून चाचपणारे, आणि मग लँडिंगच्या तोंडावर "सीट सरळ करा" म्हटल्यावर "मॅडम, माझा फोन..." करणारे मी ढिगाने पाहिलेत. बेल वाजवली म्हणून कुणी पैसे घेत नाही.

मागचं मूल सीटला सतत लाथा मारतं आणि आईबाप घोरताहेत. (रत्नागिरी)

वळून मुलाला दटावू नका. आईबापांना उठवायचं काम क्रूचं, आणि आम्हाला ते छान जमतं.