यान, उपग्रह, अग्निबाण : कशाला काय म्हणायचं?

सेलूच्या एका शिक्षिकांनी विचारलंय : “सातवीतल्या एकानं वर्गात विचारलं, ‘मॅडम, चांद्रयान म्हंजी रॉकेट का सॅटेलाइट?’ मी म्हणाले, यान. तर लगेच, ‘मंग यान म्हंजी काय?’ त्याला काय सांगू? आणि चंद्रयान बरोबर की चांद्रयान?”

ताई, पोरगं चलाख आहे. त्याचा घोळ होतोय, कारण हे शब्द एका पंगतीतले नाहीत. अग्निबाण (म्हणजे रॉकेट) हा वर नेऊन सोडणारा. यान हे पुढे जाणारं. उपग्रह हे तर नात्याचं नाव आहे. तो कुणाचा तरी असावा लागतो. त्यामुळे एकच वस्तू वाटेत असते तोवर यान आणि पोचून फिरायला लागली की उपग्रह, असं खुशाल होऊ शकतं.

यान आलं ‘या’ म्हणजे जाणे या संस्कृत धातूवरून. ज्यातून जायचं ते यान, मग ती बैलगाडी का असेना. तुमची मुलं अजिंठ्याच्या सहलीला गेली असतील तर हीनयान-महायान त्यांच्या कानावरून गेलेलं असणार. तिथंही यान म्हणजे वाहनच, फक्त मुक्काम निर्वाणाचा.

आता चांद्रयान-३ घ्या. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ या अग्निबाणानं ते वर नेलं आणि साधारण सोळा मिनिटांत अग्निबाणाचं काम आटोपलं. पुढे गेलं ते यान, आणि तेही एकसंध नव्हतं : ढकलत नेणारं प्रॉपल्शन मॉड्यूल, त्यावर विक्रम हा लँडर (चंद्रावर उतरणारा), लँडरच्या पोटात प्रज्ञान हा रोव्हर (तिथं हिंडणारी गाडी). प्रॉपल्शन मॉड्यूल म्हणजे नवरीबरोबर जाणारी पाठराखीण. विक्रमला चंद्राजवळच्या कक्षेपर्यंत सोबत केली, १७ ऑगस्टला निरोप दिला आणि नंतर इस्रोनं तिला खरोखरच माघारी, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आणलं. २३ ऑगस्टला विक्रम उतरला. २६ किलोंचा, सहा चाकांचा प्रज्ञान उतरत्या फळीवरून खाली आला आणि शंभरेक मीटर हिंडून मातीत कोणती मूलद्रव्यं आहेत ते तपासत राहिला. मला सगळ्यात भावला तो ३ सप्टेंबरचा प्रकार : विक्रमनं इंजिनं पुन्हा पेटवली, जागेवरून ४० सेंटिमीटर वर उठला आणि थोडं बाजूला जाऊन परत टेकला. वीतभर-दोन वीत उडी, पण उद्या चंद्रावरची माती घेऊन यायची तर तिथून उडता यायला हवं ना!

चांद्रयान-२ चा लँडर २०१९ मध्ये आदळला, ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती फिरत राहिला. म्हणजे तो चंद्राचा उपग्रह झाला. पण चंद्र स्वतःच पृथ्वीचा उपग्रह, मग हा उपग्रहाचा उपग्रह! वर्तमानपत्रं सरळ ‘ऑर्बिटर’ लिहून मोकळी होतात ते बरंच आहे. सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या आदित्य-एल१ चं आणखी वेगळं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर तो ज्या बिंदूभोवती फिरतो तिथं ग्रह नाही, गोटा नाही, काहीच नाही; पृथ्वी-सूर्याच्या ओढाताणीतून साधलेली ती जागा. त्याला पृथ्वीचा उपग्रह म्हणू नये. सूर्याकडे टक लावून बसलेली वेधशाळा म्हणावं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ गुरू आणि शनीच्या जवळून गेलं, फोटो काढले आणि कुठंही न थांबता अजून चाललंय. धातूचा अर्थ धरला तर अस्सल यान तेच.

याउलट जूनमध्ये आपण सगळे टीव्हीवर ढग कुठवर आले ते बघतो, ते चित्र इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहाचं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून त्याला सदानकदा आपलाच भाग दिसतो. त्याला कुठं जायचंच नाही, तेव्हा यान म्हणायचं कारण नाही.

शब्द चुकला की बातमीही चुकते. एप्रिल २०२२ मध्ये आकाशातून जळत काहीतरी गेलं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं सापडलं. ‘उपग्रह पडला’ अशी आवई उठली. अभ्यासकांच्या मते ते चिनी अग्निबाणाच्या वापरून झालेल्या टप्प्याचे अवशेष होते.

लँडरला ‘अवतरक’ हा प्रतिशब्द वाचला की मला दशावतार आठवतात; लँडरच राहू द्या. रोव्हरला बग्गी म्हणतात, तेही प्रज्ञानला शोभत नाही. बग्गीत कुणीतरी बसावं लागतं. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर चालवली, ती खरी बग्गी.

राहिलं चंद्र की चांद्र. इस्रोनं ठेवलेलं नाव चंद्रयान, आणि चंद्राकडे जाणारं यान असा समास सोडवला की ते बिनचूक. मराठीत चांद्रमास, चांद्रवर्ष आधीपासून आहेत, त्याच चालीवर चांद्रयान झालं. मी तेच लिहितो. विशेषनाम जसंच्या तसं हवं असा आग्रह कुणी धरला तर त्याला ‘मंगळयान’ दाखवा. तिथं आपण हिंदीतल्या ल चा ळ करून टाकलाच आहे. उत्तरपत्रिकेत दोन्हींपैकी काहीही आलं तरी गुण कापू नका.