वाचकांचे प्रश्न : संभाव्यतेत छेद कशाचा धरायचा?

संभाव्यतेची सोपी उदाहरणे घरच्या घरी कशी सोडवावीत, यावर मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे : भागाकार चुकत नाही, तर कशाला भागायचे हे ठरवण्यापूर्वीच तो केला जातो.

प्रश्न : दोन नाणी एकाच वेळी फेकली तर दोन्हींवर छाप, दोन्हींवर काटा किंवा एकावर छाप आणि एकावर काटा, अशा तीनच गोष्टी घडू शकतात. मग एक छाप आणि एक काटा मिळण्याची संभाव्यता १/३ असायला हवी. पुस्तकात ती १/२ दिली आहे. पुस्तक चुकले आहे का? (आठवीतील विद्यार्थिनी)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे, पण तुझा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

तू सांगितलेल्या तीन गोष्टी घडू शकतात, यात शंका नाही. मात्र अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागण्याचे सूत्र एका अटीवरच चालते. मोजलेली प्रत्येक निष्पत्ती इतर निष्पत्तींइतकीच शक्य असली पाहिजे, म्हणजेच सर्व निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत. तुझ्या तीन निष्पत्ती तशा नाहीत. एका नाण्यावर लाल शाईचा आणि दुसऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका दे. आता लाल नाण्यावर छाप व निळ्यावर काटा ही एक निष्पत्ती झाली आणि लाल नाण्यावर काटा व निळ्यावर छाप ही दुसरी. ठिपके पुसून टाकले तरी नाण्यांच्या पडण्यात काहीच फरक पडत नाही. फक्त या दोन निष्पत्ती आपल्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून नमुना अवकाशात, म्हणजे सर्व निष्पत्तींच्या यादीत, छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप आणि काटा-काटा असे चार घटक येतात. त्यांपैकी दोन अनुकूल आहेत, म्हणून संभाव्यता २/४, म्हणजे १/२.

ही गफलत तुझ्या एकटीची नाही. फ्रान्समधील नामवंत गणिती दालाँबेर यांनी १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वकोशातील एका नोंदीत असाच युक्तिवाद केला होता. नाणे दोनदा फेकल्यास किमान एकदा छाप मिळण्याची संभाव्यता किती, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्याच फेकीत छाप मिळाली तर खेळ तिथेच संपतो. अन्यथा दुसऱ्या फेकीत छाप किंवा काटा मिळतो. अशा तीन शक्यता धरून त्यांनी २/३ हे उत्तर सुचवले. पण पहिल्याच फेकीत छाप येण्याची शक्यता १/२ आहे आणि उरलेल्या दोन शक्यता प्रत्येकी १/४ आहेत, त्यामुळे त्या तिघींना सारखे मानता येत नाही. योग्य उत्तर ३/४ आहे.

तीन फाशांचा प्रश्न त्याहूनही जुना आहे. तीन फाशांवरील अंकांची बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत आणि बेरीज १० येण्याचेही सहाच प्रकार आहेत, तरी खेळणाऱ्यांना १० ही बेरीज किंचित अधिक वेळा येताना का दिसते, असे गॅलिलिओ यांना विचारण्यात आले होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी याचे जे उत्तर लिहिले, ते तू स्वतः वहीत मांडून पाहावेस असे मला मनापासून वाटते. बेरीज ९ साठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३ हे सहा गट आहेत. तिन्ही अंक वेगळे असतील तर तो गट तीन फाशांवर ६ प्रकारे पडतो, दोन अंक सारखे असतील तर ३ प्रकारे आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच प्रकारे. म्हणून ६, ६, ३, ३, ६ आणि १ मिळून २५ निष्पत्ती होतात. बेरीज १० साठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४ हे गट येतात. त्यांच्या ६, ६, ३, ६, ३ आणि ३ मिळून २७ निष्पत्ती होतात. एकूण निष्पत्ती २१६ असल्यामुळे संभाव्यता अनुक्रमे २५/२१६ आणि २७/२१६ आहेत. फरक इतका बारीक आहे की तो खेळताना ज्यांच्या लक्षात आला, त्यांच्या निरीक्षणाचे कौतुकच करायला हवे.

इतके वाचूनही मनाला पटले नाही, तर दोन नाणी शंभर वेळा फेकून ताळ्याच्या खुणा कर. एक छाप व एक काटा या रकान्यातील खुणा उरलेल्या दोन्ही रकान्यांपेक्षा ठळकपणे जास्त झालेल्या दिसतील.

प्रश्न : माझ्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज आणि गुणाकार उत्तम येतात. तरीही पिशवीतून चेंडू काढण्याच्या उदाहरणांत तो हमखास चुकतो आणि एकदा तर त्याचे उत्तर १ पेक्षाही मोठे आले. त्याच्याकडून कोणता सराव करून घ्यावा? (एक पालक)

उत्तर : संभाव्यता ० पेक्षा लहान आणि १ पेक्षा मोठी कधीच नसते. एकूण निष्पत्तींपेक्षा अनुकूल निष्पत्ती जास्त असूच शकत नाहीत. त्यामुळे १ पेक्षा मोठे उत्तर आले की मोजणीत चूक आहे, हे मुलाला उत्तरसूची न उघडताही कळले पाहिजे. मात्र त्याहून अधिक उपयोगी अशी एक सवय आहे : एखाद्या उदाहरणात एकच संभाव्यता विचारली असली, तरी उरलेल्या सर्व शक्यतांच्या संभाव्यताही काढाव्यात आणि त्यांची बेरीज १ येते का ते पाहावे.

समजा, पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत आणि एकापाठोपाठ दोन चेंडू, पहिला परत न ठेवता, काढायचे आहेत. पहिला चेंडू लाल असण्याची संभाव्यता ५/८. तो बाहेर राहिल्यामुळे पिशवीत आता ७ चेंडू आहेत आणि त्यांत ४ लाल आहेत, म्हणून दुसराही लाल असण्याची संभाव्यता ४/७. मुले नेमकी इथे घसरतात. ती अंश एकाने कमी करतात, पण छेद ८ च ठेवतात. किंवा दोन्ही पायऱ्यांना ५/८ लिहून मोकळी होतात. योग्य गुणाकार २०/५६, म्हणजे ५/१४ येतो. दोन्ही चेंडू निळे असण्याची संभाव्यता ३/८ गुणिले २/७, म्हणजे ६/५६. पहिला लाल व दुसरा निळा असेल तर ५/८ गुणिले ३/७, म्हणजे १५/५६ आणि पहिला निळा व दुसरा लाल असेल तर ३/८ गुणिले ५/७, म्हणजे तेही १५/५६. आता २०, ६, १५ आणि १५ यांची बेरीज ५६ येते. ५६/५६ म्हणजे १, म्हणून कोणतीही शक्यता सुटली नाही आणि कोणतीही दोनदा मोजली गेली नाही.

माझी विनंती आहे की ताळा पाहून होईपर्यंत या उदाहरणांत अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देऊ नये. सर्व छेद ५६ राहिले, तर संपूर्ण वाटणी एका नजरेत दिसते. घाईने ५/१४ आणि ३/२८ केले, की बेरजेसाठी पुन्हा लसावि काढत बसावे लागते.

प्रश्न : एखादी संख्या २० टक्क्यांनी वाढवून लगेच २० टक्क्यांनी कमी केली, तर मूळ संख्या परत का मिळत नाही? (सातवीतील विद्यार्थी)

उत्तर : कारण दोन्ही वेळचे २० टक्के एकाच संख्येचे नसतात. १०० मध्ये २० मिळवले की १२० होतात. कमी करताना मात्र १२० चे २० टक्के, म्हणजे २४ जातात आणि ९६ उरतात. टक्के हाही १०० छेद असलेला अपूर्णांकच आहे आणि तो कोणत्या संख्येचा आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते. वरच्या उदाहरणात एक चेंडू गेल्यावर छेद बदलला होता, तसाच इथे आधार बदलला आहे.

प्रश्न : उदाहरणात ‘किंवा’ हा शब्द आला की बेरीज करायची, असे मी वर्गात सांगते. त्यामुळे काही मुलांची उत्तरे बरोबर येतात आणि काहींची चुकतात. हा नियम कसा सांगावा? (एक शिक्षिका)

उत्तर : शब्द पाहून क्रिया निवडण्याची सवय लागू न दिलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. बेरीज जरूर करावी, पण दोन्ही घटनांत येणारे घटक दोनदा मोजले जातात, म्हणून ते एकदा वजा करावेत. ५२ पत्त्यांतून एक पत्ता काढल्यास तो राजा किंवा बदामचा असण्यासाठी ४ राजे आणि १३ बदाम मिळून १७ पत्ते होतात. बदामचा राजा त्यांत दोनदा आला आहे, म्हणून अनुकूल पत्ते १६ आणि संभाव्यता ४/१३.

मुलांना हे उदाहरण लवकर पाठ होते, म्हणून त्यानंतर पुढील उदाहरण द्यावे. १ ते ३६ या संख्यांमधून एक संख्या निवडली, तर तिला ४ ने किंवा ६ ने भाग जाण्याची संभाव्यता किती? ४ ने भाग जाणाऱ्या ९ संख्या आहेत आणि ६ ने भाग जाणाऱ्या ६. दोन्हींनी भाग जाणाऱ्या संख्या शोधताना पुष्कळ मुले ४ आणि ६ यांचा गुणाकार करून २४ ही एकच संख्या धरतात. लसावि १२ असल्यामुळे १२, २४ आणि ३६ या तिन्ही संख्या सामाईक आहेत. म्हणून अनुकूल संख्या ९ + ६ − ३ = १२ आणि संभाव्यता १/३. लसाविचा धडा वर्षभरापूर्वी संपलेला असला, तरी त्याची खरी गरज अशा ठिकाणी भासते. सर्व १२ संख्या प्रत्यक्ष लिहून घेतल्यास वजाबाकी का करावी लागली, हे मुले स्वतःच सांगतील.

प्रश्न : नाणे फेकताना लागोपाठ पाच वेळा छाप आली, तर सहाव्या वेळी काटा येण्याची शक्यता वाढते ना? शेवटी छापा आणि काटे सारखेच व्हायचे असतात. (एक वाचक)

उत्तर : नाही, नाणे निर्दोष असेल तर सहाव्या फेकीतही काटा येण्याची संभाव्यता १/२ च असते. नाण्याला मागच्या फेकी आठवत नाहीत. फेकी वाढवत नेल्या की छापांचे एकूण फेकींशी असलेले गुणोत्तर १/२ च्या जवळ राहण्याची शक्यता वाढत जाते. याकोब बर्नुली यांनी ही गोष्ट सिद्ध केली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र जवळ येते ते गुणोत्तर; छापा आणि काटे यांच्या संख्या सारख्या होतात, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

जॉन केरिच हे गणिती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी १०,००० वेळा नाणे फेकून नोंदी ठेवल्या. छापा ५,०६७ आल्या, म्हणजे काटे ४,९३३ आले. गुणोत्तर ०.५०६७ इतके झाले. ते अर्ध्याच्या अगदी जवळ आहे. तरी छापा आणि काटे यांत १३४ चे अंतर होते आणि ते भरून काढायला नाणे धावून आले नाही. सुरुवातीच्या पाच छापा पुढच्या काट्यांनी फेडल्या जात नाहीत. हजारो फेकींच्या छेदात त्यांचा प्रभाव नगण्य होतो, इतकेच.

प्रश्न : रोज किती उदाहरणे सोडवावीत? (अनेक पालक)

उत्तर : संख्येपेक्षा मिश्रण महत्त्वाचे आहे. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवताना दुसऱ्या-तिसऱ्या उदाहरणानंतर रीत निवडावीच लागत नाही, हात आपोआप चालतो. त्याऐवजी सहा उदाहरणे घ्यावीत. त्यांत दोन संभाव्यतेची, एक गुणोत्तराचे, एक टक्केवारीचे, एक अपूर्णांकांचे आणि एक मागील महिन्यात चुकलेले असावे. सोडवण्यापूर्वी उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे येईल की लहान, याचा अंदाज समासात लिहावा. अंदाज आणि उत्तर यांत मोठी तफावत पडली, तर त्या उदाहरणावर वेळ घालवणे सार्थकी लागते.

प्रश्न : थोडे अवघड, पण आम्हाला सुटेल असे एखादे उदाहरण द्याल का? (आठवीतील दोन मित्र)

उत्तर : अवश्य. एक फासा चार वेळा फेकल्यास किमान एकदा ६ येण्याची संभाव्यता काढा. १/६ ला ४ ने गुणून ४/६ लिहू नका. त्याच रीतीने सात फेकींसाठी ७/६ येईल आणि ते अशक्य आहे. ६ एकदाही न येण्याच्या निष्पत्ती मोजणे सोपे आहे. प्रत्येक फेकीत ५ शक्यता, म्हणून चार फेकींत ५ × ५ × ५ × ५ = ६२५. एकूण निष्पत्ती १,२९६. म्हणून किमान एकदा ६ येण्याच्या निष्पत्ती ६७१ आणि संभाव्यता सुमारे ०.५१८, म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त.

आता पुढचा भाग तुम्ही करा. दोन फासे एकत्र फेकून दोन्हींवर ६ आणायचे आहेत. इथे एकूण निष्पत्ती ६ ऐवजी ३६ आहेत, म्हणजे सहापट, म्हणून फेकीही सहापट, म्हणजे २४, घेतल्या तर संभाव्यता पुन्हा अर्ध्याहून जास्त येईल, असे शेवालिये द मेरे या फ्रेंच गृहस्थांना वाटत होते. हा प्रश्न पास्कल यांनी १६५४ साली फर्मा यांना लिहिलेल्या पत्रात आला आहे. एका फेकीत दोन्हींवर ६ न येण्याची संभाव्यता ३५/३६ आहे. ती २४ वेळा स्वतःशी गुणण्यासाठी गणकयंत्र वापरायला हरकत नाही. उत्तर १ मधून वजा केल्यावर सुमारे ०.४९१ आले पाहिजे. त्यानंतर वजाबाकीपूर्वीच्या गुणाकाराला आणखी एकदा ३५/३६ ने गुणून, तो १ मधून वजा करून पाहा : २५ फेकींना संभाव्यता सुमारे ०.५०६ होते, म्हणजे द मेरे यांचा अंदाज अवघ्या एका फेकीने हुकला होता.