आईची शिदोरी संपते तेव्हा

प्रश्न : टेस्ट ट्यूब उपचारात आमचे पाच गर्भ तयार झाले, पण तिसऱ्या दिवशी सगळे थांबले. 'गर्भाची जनुके चालू झाली नसावीत,' एवढेच आम्हाला सांगितले. घरची माणसे म्हणतात, चवथीच्या धावपळीत मी विश्रांती घेतली नाही म्हणून असे झाले. खरे काय?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : ताई, आधी चवथीचे. त्या तीन दिवसांत गर्भ तुमच्या पोटात नव्हते, प्रयोगशाळेत ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये होते. तुम्ही माटोळी बांधलीत की पडून राहिलात, त्यांना काहीच फरक पडत नव्हता. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे काम करते. तिसऱ्या दिवशी सकाळी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताना अजूनही छाती धडधडते. कारण फलन झाले तरी गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ गप्पच असतात. आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए (जनुकांच्या संदेशाच्या प्रती) आणि प्रथिनांवर एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. कोंब आलेला नारळ तुमच्या भाटात पाहिला असेल. पहिली पाने फुटतात ती आतल्या खोबऱ्याच्या जिवावर. तसेच हे.

माणसात ही शिदोरी चार ते आठ पेशींपर्यंत पुरते. १९८८ साली ब्रिटिश संशोधकांनी जनुकांचे वाचन रोखणारे, एका विषारी अळंबीतले द्रव्य (आपल्या ओलम्यांतले नव्हे) वापरून पाहिले. तरी गर्भ चार पेशींपर्यंत पोचले, त्यापुढे अडले. उंदरात हा टप्पा दोन पेशींवरच येतो. माणसात चार पेशींच्या सुमारास डीयूएक्स४ नावाचे प्रथिन थोडा वेळ प्रकटते आणि घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचे काही भाग मोकळे करते. मग आई आणि बाप, दोघांचीही जनुके बोलू लागतात.

तिथेच गर्भ का थांबतो? बहुतेकदा पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. अंड्यातली शिदोरीही अपुरी पडू शकते. यात कुणाचा गुन्हा नाही, आणि बाजू एकट्या तुमचीही नाही. पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या. प्रत्येक गर्भ नेमक्या किती पेशींवर थांबला, पेशी सारख्या आकाराच्या होत्या की तुकडे पडले होते, हे लेखी मागून घ्या. चारवर थांबलेला आणि आठवर थांबलेला गर्भ डॉक्टरांना वेगवेगळे काही सांगू शकतो.