टेपवरचा रिस्टोअर रखडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रात्रीचा बॅकअप एलटीओ-८ (एलटीओ प्रकारच्या टेपची आठवी पिढी) ड्राइव्हवर सेकंदाला ३०० एमबीने जातो. त्यातलाच एक सर्व्हर रिस्टोअर करायला (टेपवरून परत आणायला) घेतला की वेग ४० एमबीच्या वर जात नाही. ड्राइव्ह खराब झाला का?

ड्राइव्हवर आळ घेण्याआधी मल्टिप्लेक्सिंग (एका टेपवर एकाच वेळी किती बॅकअप मिसळून लिहायचे ते सेटिंग) किती ठेवलंय ते पाहा. ८ असेल तर उत्तर तिथेच आहे. आठ सर्व्हरचे ब्लॉक पत्ते पिसावेत तसे एका टेपवर मिसळलेत. रिस्टोअरच्या वेळी ड्राइव्ह सगळे ब्लॉक वाचतो, सॉफ्टवेअर त्यातले साधारण सात अष्टमांश टाकून देतं. ३०० भागिले ८, म्हणजे साडेसदतीस.

म्हणून उद्यापासून सरळ १ करू नका. संथ सर्व्हर एकटा ड्राइव्हला पुरेसा डेटा पुरवू शकत नाही. मग टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. बॅकअप लांबतो आणि टेपही झिजते. बॅकअप आधी डिस्कवर घ्या, तिथून टेपवर डुप्लिकेट करा. मग प्रत्येक इमेज (एका बॅकअपचा संच) सलग उतरते. डिस्क नसेल तर मोठ्या डेटाबेसना १ आणि बाकीच्यांना २ ते ४. जुन्या टेपांमधल्या महत्त्वाच्या इमेज नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरमधला ‘प्रिझर्व्ह मल्टिप्लेक्सिंग’ (मिसळ तशीच ठेवा) हा पर्याय बंद ठेवून डुप्लिकेट करता येतात; वेळ खाणारं काम आहे, पण सवडीने होतं.

एकाच मिसळलेल्या टेपवरून चार सर्व्हर परत हवे असतील तर चारही विनंत्या लागोपाठ द्या. नेटबॅकअप ठरावीक वेळ (मूळ सेटिंग ३० सेकंद) थांबून अशा विनंत्या एकत्र करतं आणि टेप एकदाच वाचतं. एक संपल्यावर दुसरी दिलीत, तर तीच टेप चारदा वाचली जाईल.

प्रश्न : मल्टिप्लेक्सिंग नाही, तरी रिस्टोअर संथ. टेप, नेटवर्क की डिस्क, हे कसं ओळखायचं?

बॅकअप सॉफ्टवेअर बाजूला ठेवून टेप थेट वाचा. लिनक्सवर नॉन-रिवाइंड डिव्हाइस (काम संपल्यावर टेप मागे न गुंडाळणारं) घ्या, टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ कमांडने ब्लॉक साइज ० (म्हणजे बदलती) करा, लेबल असलेली पहिली छोटी फाइल ओलांडा आणि ‘डीडी’ या कॉपी कमांडने पुढची फाइल वाचून नल डिव्हाइसमध्ये (तिथे गेलेला डेटा फेकला जातो) सोडा. डीडीची ब्लॉक साइज टेपवरच्या ब्लॉकएवढी किंवा मोठी हवी. २५६ केबीने लिहिलेली टेप ६४ केबीने वाचायला गेलात, तर मेमरी मिळत नसल्याची एरर येते आणि माणूस उगाच रॅम तपासत बसतो.

डीडीला ३०० एमबी मिळाले, तर टेप निर्दोष. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून ११० एमबीच्या आसपासच जातात, ते आधी बघा. नेटबॅकअपच्या बीपीटीएम (टेप हाताळणारी प्रोसेस) लॉगमध्ये रिकाम्या बफरसाठी (बफर म्हणजे डेटा तात्पुरता ठेवणारा मेमरीचा तुकडा) थांबल्याचे आकडे मोठे असतील तर क्लायंट (ज्यावर रिस्टोअर होतोय तो सर्व्हर), नेटवर्क किंवा डिस्क मागे पडतेय. भरलेल्या बफरसाठी असतील तर टेप. रिस्टोअरच्या बफरची संख्या वेगळी वाढवता येते. बफरचा आकार मात्र टेप लिहिली तेव्हाच ठरलेला असतो.

डीडीही संथ असेल तर तीच कार्ट्रिज दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. दोन्हीकडे संथ असेल तर दोष बहुधा कार्ट्रिजचा. एकीकडेच असेल तर त्या ड्राइव्हचा क्लीनिंग अलर्ट आणि रीड-एरर काउंटर पाहा.

प्रश्न : स्पेक्ट्रम प्रोटेक्टमध्ये (आयबीएमचं बॅकअप सॉफ्टवेअर, आताचं नाव स्टोरेज प्रोटेक्ट) कायम इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइल्सचा बॅकअप) चालतं. एका फाइल सर्व्हरच्या रिस्टोअरला ४० टेपा मागतो. काय करावं?

टेप चढवणं, जागा शोधणं, रिवाइंड, उतरवणं मिळून दर टेपला तीन मिनिटं धरली, तर एकही फाइल न वाचता दोन तास जातात. नोड (बॅकअप होणारा एक सर्व्हर) किंवा ग्रुपनुसार कोलोकेशन (त्याचा डेटा थोड्याच टेपांवर एकत्र ठेवणं) चालू करा. जुना डेटा रिक्लमेशनमध्ये (अर्धवट रिकाम्या टेपांवरचा डेटा नव्या टेपांवर हलवण्याच्या कामात) हळूहळूच एकत्र येतो. घाई असेल तर ‘मूव्ह नोडडेटा’ कमांडने तो एकत्र आणा. आणि नोडचं ‘मॅक्सनमएमपी’ (एका वेळी किती टेपा चढवता येतील ती मर्यादा) पाहाच. ते मूळचं १ असतं, त्यामुळे लायब्ररीत सहा ड्राइव्ह असूनही रिस्टोअर एकाच ड्राइव्हवर रांगेत उभा राहतो. ते वाढवा, क्लायंटवर ‘रिसोर्सयुटिलायझेशन’ही (समांतर सेशन ठरवणारं सेटिंग) वाढवा.

प्रश्न : काही लाख छोट्या फाइल्स आहेत. टेप वेगवान असून उपयोग होत नाही.

कारण वेळ फाइल तयार करण्यात आणि परवानग्या लावण्यात जातो. रिस्टोअरपुरता त्या व्हॉल्यूमवरचा अँटिव्हायरस थांबवा, फोल्डर विभागून समांतर जॉब चालवा (डेटा वेगवेगळ्या टेपांवर असेल तरच, नाहीतर जॉब एकाच टेपसाठी भांडतील). अख्खा व्हॉल्यूम उभा करायचा असतो तिथे पुढच्या वेळी ब्लॉक पातळीवरचा इमेज बॅकअप (फाइल-फाइल न घेता अख्ख्या व्हॉल्यूमची प्रत) घ्या.

प्रश्न : वेगासाठी एलटीओ-९ घेतोय. जुन्या एलटीओ-७ टेपा त्यात चालतील?

नाही. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९ वाचतो. एलटीओ-७ साठी एक एलटीओ-८ ड्राइव्ह राखून ठेवा, तो ७ वाचतो. शिवाय कोरी एलटीओ-९ कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची जुळणी (कॅलिब्रेशन) करतो, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. नव्या टेपा आधीच एकदा चढवून ठेवा.