समुद्र दारात असताना रीफ टँकसाठी मीठ विकत का घ्यायचं?

हाच प्रश्न तुमच्या आधी माझ्या थोरल्या भावाने मला विचारलाय, तोही ओटीवर पाहुणे बसलेले असताना : "दर्या दारांत आनी तूं मीठ विकतें हाडटा? पिसो मरे तूं!" (म्हणजे वेडा आहेस.) आम्ही गोव्यातले, ताळगावचे. तुम्ही पर्वरीचे, 200 लिटरचा रीफ टँक, म्हणजे पोवळी आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा काचेचा टँक लावताय, आणि विचारताय की समुद्राचं पाणी फुकट मिळत असताना टँकसाठीच्या तयार समुद्री मिठाची बादली घ्यावी का, आणि पावसाळ्यात काय करावं. पहिल्याचं उत्तर : घ्या. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे माझा 2014 चा जुलै महिना.

माझा टँकही 200 लिटरचाच, तेव्हा दोन वर्षांचा झालेला. क्लाउन माशांची जोडी, एक क्लीनर कोळंबी, डझनभर टर्बो शंख, आणि मश्रूम व झोआ ही मऊ पोवळी. झोआ आणले तेव्हा सोड्याच्या बाटलीच्या झाकणाएवढा तुकडा होता, तो पसरून दोन तळहातांएवढा झाला होता. कोल्हापूरला मेहुण्याच्या मुलाचं बारसं निघालं म्हणून टँक दादावर सोपवून गेलो. तिसऱ्या दिवशी ताळगावात लाईट गेली ती अकरा तास आली नाही. दादाचा फोन आला की पाण्यावर फेस आलाय, वास मारतोय. मी म्हटलं, "थोडं पाणी बदल." थोडं म्हणजे किती आणि कुठलं, हे विचारायला त्याने परत फोन लावला तेव्हा मी आंबोलीत दरडीमागे अडकलो होतो आणि रेंज शून्य.

दादाने वीस-वीस लिटरचे पाच कॅन गाडीत टाकले आणि मिरामार गाठलं. वहिनी म्हणाली होती म्हणे, "भावजी येऊ देत." पण आमच्या घरात तिचं ऐकायची पद्धत नाही.

रात्री पोचलो तेव्हा झोआ मुठी आवळल्यासारखे मिटलेले. शंख काचेवरून सुटून वाळूत उताणे पडलेले. कोळंबी दिसेना. टॉर्च मारला तर मागच्या कपारीत आडवी होती, एरवी काचेसारखं दिसणारं अंग दुधासारखं पांढरं झालेलं, आणि लांब मिशा वेव्हमेकरच्या (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या) लाटेबरोबर अजून हलत होत्या. त्यामुळे मिनिटभर मला ती जिवंतच वाटली. दोन्ही क्लाउन मात्र वर येऊन खायला मागत होते. दादा म्हणाला, "मासे बघ कसे टुणटुणीत आहेत. पाण्याचं काही नाही, तुझी कोळंबी आधीच आजारी होती." हे वाक्य मी तेव्हापासून दर चतुर्थीला ऐकतोय.

खारेपणा मोजायचा रेफ्रॅक्टोमीटर लावला. टँक 28, म्हणजे हजार भागांत 28 भाग मीठ. कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी 21, आणि त्याखाली बोटभर तांबडा गाळ. हवं असतं 35, म्हणजे घनतेच्या काट्यावर 1.026. निम्मं पाणी 35 चं, निम्मं 21 चं, बेरीज करून दोनाने भागा, 28 येतात. मिरामार म्हणजे समुद्र नव्हे, मांडवीचं तोंड आहे. जून लागला की घाटातलं सगळं पाणी तिथून बाहेर पडतं. दोनापावलाला गेलात तर एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला झुआरी. पर्वरीहून गाडी काढून जिथे जिथे तुम्ही कॅन बुडवाल, तिथे जुलैत थोडंफार हेच.

आता मासे का जगले, ते दादासाठी लिहितो, कारण तोंडी सांगितलं की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. तो दिवसभर खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाणी थोडं अळणी झालं तर त्याचं काम उलट हलकं होतं. अंगावर पांढरे ठिपके पडणारा इच झाला की हौशी लोक माशांना वेगळ्या टँकमध्ये 1.009 घनतेवर आठवडेच्या आठवडे ठेवतात, आणि मासे निभावतात. पोवळी, शंख आणि रीफवरची कोळंबी यांच्याकडे ही सोय नाही. बाहेरचं पाणी अळणी झालं की ते त्यांच्या अंगात शिरतं आणि पेशी फुगतात. हळूहळू झालं तर काही तग धरतात, तासाभरात 35 चे 28 केले तर नाही. तेव्हा मासे जिवंत असणं हा पाणी चांगलं असल्याचा पुरावाच नाही.

यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मानशीतली सुंगटां पावसातही जगतातच ना?" (मानस म्हणजे खाडीच्या बांधावरचं पाण्याचं दार, सुंगटां म्हणजे कोळंबी.) जगतात. ती खाडीतली जात आहे, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, गोडं-खारं होतच राहतं. क्लीनर कोळंबी रीफवरची. ताळगावकराला हिमालयात नेऊन सोडण्यासारखं आहे ते.

मिठाचा हिशेब करा. लिटरला साधारण 37 ग्रॅम धरा. आठवड्याला 20 लिटर बदललं तर पाऊण किलोच्या आत. 20 किलोची बादली सहा महिने जाते. शिवाय दर आठवड्याला तेच पाणी : क्षारता (अल्कलिनिटी) 8 ते 9 dKH, कॅल्शियम 420 ppm च्या आसपास. पोवळ्यांना हे रोज बदललेलं खपत नाही. बाष्पीभवनाची भर मात्र फक्त आरओच्या पाण्याने घालायची. नळाचं पाणी थेट नको.

पावसाळ्याचं अजून एक. मे महिन्यात पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरवता येतात, म्हणून लोक चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) टाळतात. जूनपासून हवाच इतकी ओली असते की पंखा नुसता फिरतो. आणि बॅटरीवरचा एअर पंप आणाच. त्या अकरा तासांत माझ्याकडे तो असता तर पाण्याने वास मारलाच नसता.

हे झालं. आता जे मी घरात कबूल केलेलं नाही : मीठ विरघळवून पाणी तयार ठेवायचा ड्रम मी कोल्हापूरला निघताना रिकामा ठेवून गेलो होतो. तो भरलेला असता तर दादा मिरामारला गेलाच नसता.

आणि समुद्राचं पाणी अजिबात चालत नाही असंही नाही. जानेवारी ते एप्रिल, किनाऱ्यापासून लांबून, खोल पाण्यातून आणलेलं चालतं, मी वापरलंय. तुम्हाला मालीम जेटी जवळ आहे, ट्रॉलरवाल्याला सांगितलं तर येताना भरून आणतो. ते बंद ड्रममध्ये अंधारात दोन आठवडे ठेवून, गाळून, मोजून मगच टाका. पण 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारीच बंद असते, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी हे पाणी मिळत नाही. ग्रांदे बेटावरून पोवळ्याचा तुकडा आणून देतो असं जेटीवर कोणी म्हणालं तर हात जोडा. दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. कॅन तुमचे स्वतःचे न्या, आणि बोटीवरून परत आले की झाकण उघडून आधी वास घ्या. माझ्या एका कॅनला डिझेलचा येत होता.